अथेन्सहून जेरुसलेमला: थिऑलॉजीच्या नव्या विद्यार्थ्याने पाश्चात्त्य तत्त्वज्ञान कसं वाचावं

दरवर्षी नवी बॅच येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला कुणीतरी हात वर करतंच. "सर, आम्ही देवाबद्दल शिकायला आलोय. त्यात हे प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल कशाला?" विचारणारा वसईच्या वाडीतला असो की नगरकडच्या खेड्यातला, प्रश्न रास्त असतो. घरची रोजची प्रार्थना, रविवारची उपासना, आजीने पाठ करून घेतलेली स्तोत्रं एवढ्या शिदोरीवर तो आलेला असतो. त्यात अथेन्सचा पत्ता कुठेच नसतो. कॅथलिक सेमिनरीत तर सुटकाही नाही. 1983 च्या धर्मसंहितेचं 250 वं कलम सांगतं की धर्मगुरू होऊ पाहणाऱ्याच्या किमान सहा वर्षांच्या अभ्यासात दोन वर्षांइतका वेळ तत्त्वज्ञानाला आणि चार वर्षांइतका थिऑलॉजीला द्यायचा. प्रॉटेस्टंट कॉलेजांत प्रमाण कमी असतं, पण पेपर असतोच.

माझं उत्तर ठरलेलं आहे: हे तत्त्वज्ञान तुम्ही आता नव्याने शिकणार नाही, लहानपणापासून ते बोलताच आहात. दर रविवारी क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना पुत्र पित्याशी 'एकसत्त्व' आहे अशा अर्थाचं वाक्य तोंडातून जातं. तो शब्द बायबलमध्ये शोधून दाखवा. सापडणार नाही. तो ग्रीक तत्त्वज्ञानाच्या बाजारात चालणारा शब्द होता आणि 325 साली नायसियाच्या परिषदेत बिशपांनी तो उचलला. आपण जे बोलतो त्याचा अर्थ आपल्याला कळावा, एवढ्यासाठी हा अभ्यास. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी 1: मनातली अढी आधी बाहेर काढा

बऱ्याच मुलांना वाटतं की तत्त्वज्ञान वाचलं की श्रद्धा जाते. ही भीती दाबून ठेवू नका, ती जुनी आणि घरंदाज आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल तत्त्वज्ञानाच्या नावाखाली होणाऱ्या पोकळ फसवणुकीपासून सावध राहायला सांगतो. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन तडकून विचारतो, अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे तत्त्वज्ञानाचा श्रद्धेशी, संबंध काय? 1517 मध्ये, प्रसिद्ध 95 प्रबंधांच्या जवळजवळ दोन महिने आधी, ल्यूथरने आणखी 97 विधानं मांडली. त्यांपैकी एकात तो म्हणतो की थिऑलॉजियन व्हायचं तर अ‍ॅरिस्टॉटलशिवायच होता येतं.

आता याच माणसांकडे जरा जवळून पाहा. तोच पौल प्रेषितांच्या कृत्यांच्या 17 व्या अध्यायात अथेन्समधल्या अरीयपगावर एपिकूरपंथी आणि स्टोइक तत्त्वज्ञांसमोर उभा आहे, आणि 'आपण त्याचाच वंश आहोत' हे वचन देतोय ते अराटस या ग्रीक कवीचं. टर्टुलियनची गंमत तर याहून मोठी. अथेन्सला दारातून हाकलणारा हा गृहस्थ आत्मा देहधारी आहे असं मानत होता, आणि ते मत स्टोइकांचं होतं. त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यासाठी, लॅटिनमध्ये 'एक सबस्टान्शिया (द्रव्य), तीन पर्सोना (व्यक्ती)' ही भाषा रुळवणाराही तोच. ल्यूथरने तर अ‍ॅरिस्टॉटलवर व्याख्यानं दिलेली होती. न वाचता शिव्या घातल्या असं त्याच्याबद्दल कुणी म्हणू शकत नाही.

तेव्हा तत्त्वज्ञानाचा विरोध करायचा असेल तर खुशाल करा. तोही थिऑलॉजीतला एक मान्यवर पक्ष आहे. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या स्विस थिऑलॉजियनने तो जोरात मांडला. फक्त बार्थसारखा अभ्यास करून मग करा.

पायरी 2: सनावळीपासून नको, शब्दापासून सुरुवात करा

पाठ्यपुस्तकं थेलिसपासून सुरू होतात. 'सगळं पाण्यापासून झालं' या वाक्यावर पहिला आठवडा जातो आणि मुलं कंटाळतात. मी उलट जातो. थिऑलॉजीतला एक शब्द घ्या आणि त्याचं माहेर शोधत मागे चला.

'ऊसिया' आणि 'हिपोस्टासिस' ही जोडी घेऊ. दोन्ही ग्रीक. नायसियाच्या मूळ मसुद्याला जोडलेल्या निषेधवचनात हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने आले आहेत. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कप्पदोकियाच्या तिघांनी, म्हणजे बेसिल, त्याचा भाऊ नीसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी, त्यांची फारकत केली: देवात ऊसिया, म्हणजे सत्त्व, एक; हिपोस्टासिस, म्हणजे आपण ज्यांना व्यक्ती म्हणतो त्या, तीन. ग्रीकांचं भागलं. पण हिपोस्टासिसचं शब्दशः लॅटिन होतं 'सब-स्टान्शिया', खाली उभं असलेलं. त्यामुळे पूर्वेकडून 'तीन हिपोस्टासिस' ऐकू आलं की पश्चिमेकडच्या माणसाच्या कानात 'तीन द्रव्यं', म्हणजे जवळजवळ तीन देव, असंच पडायचं. अर्धं भांडण श्रद्धेचं होतं, अर्धं शब्दकोशाचं.

मराठीत हा घोळ आणखी एक वळसा घेतो. आपण म्हणतो 'तीन व्यक्ती'. मराठीत व्यक्ती म्हटलं की बसस्टॉपवर उभी असलेली तीन माणसं डोळ्यांपुढे येतात. लॅटिन 'पर्सोना' मात्र नाटकातल्या मुखवट्यावरून आलेला शब्द, आणि सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियसने त्याची व्याख्या केली ती 'विवेकशील स्वभावाचं एकेकटं द्रव्य' अशी. मुखवटा, द्रव्य, बसस्टॉपवरचा माणूस. तीन वेगळी चित्रं, आणि शब्द मात्र आपण एकच लिहितो.

'द्रव्य' तर सर्वांत घातकी शब्द. बोलीत तो पैसा, शाळेच्या विज्ञानात तो मॅटर, आणि तत्त्वज्ञानाच्या मराठीत तो सबस्टन्स. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या, भाकरीबद्दल ट्रेन्टच्या परिषदेने 1551 मध्ये जे सांगितलं त्यात द्रव्य पालटून ख्रिस्ताचं शरीर होतं आणि आगंतुक गुण, म्हणजे रंग, चव, वजन, तसेच राहतात. हे वाक्य शाळेतलं विज्ञान डोक्यात ठेवून वाचलं की विद्यार्थी विचारतो, "मग लॅबमध्ये तपासलं तर?" लॅबमध्ये भाकरच निघेल, आणि ट्रेन्टचं म्हणणंही त्याच्या विरुद्ध नाही. लॅब जे मोजते ते सगळं अ‍ॅरिस्टॉटलच्या वर्गवारीत आगंतुकाच्या खात्यात जातं. ही वर्गवारी मान्य करायची की नाही, हा पुढचा प्रश्न. आधी ती कळू तर दे.

म्हणून पहिल्या दिवशी एक दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एक शब्द. वर ग्रीक किंवा लॅटिन शब्द देवनागरीत, खाली मराठी प्रतिशब्द जितके सापडतील तितके, आणि त्याखाली 'चकवा': हा शब्द रोजच्या मराठीत कुठे नेऊन सोडतो. 'कारण' या शब्दाचं पान माझ्याकडे चार पानांचं झालंय. आपल्याकडे मडक्याचं उपादान कारण माती आणि निमित्त कारण कुंभार, एवढं तर्कशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. अ‍ॅरिस्टॉटल त्यात आणखी दोन मोजतो: मडक्याचा आकार आणि ते कशासाठी घडवलं ते प्रयोजन. हे चौथं, प्रयोजनाचं कारण, सतराव्या शतकातल्या विज्ञानाने बाजूला ठेवलं. आधुनिक माणसाला देवाबद्दलचे जुने युक्तिवाद पोकळ वाटतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. (पाहा, इथे 'कारण' पाचव्याच अर्थाने आलं.)

मराठीत हे काम करणारे तुम्ही पहिले नाही. गोव्यातल्या साष्टीत राहून फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याने 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायचं का, हा निर्णय त्यालाही घ्यावा लागला होता. त्याने घेतला. वैकुंठच लिहिलं.

पायरी 3: पहिलं पुस्तक, युथिफ्रो

आता मूळ ग्रंथ. प्लेटोचा हा संवाद वीसेक पानांचा आहे आणि एका बैठकीत संपतो. काळ इसवी सनापूर्वी 399, सॉक्रेटिसवर खटला भरला जाणार ते वर्ष. न्यायदालनाच्या ओसरीवर त्याला युथिफ्रो भेटतो. हा धर्मातला जाणकार म्हणवणारा माणूस स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा दावा लावायला आलाय. घडलंय असं: त्यांच्या शेतावरच्या एका मजुराने दारूच्या भरात घरातल्या गुलामाला मारलं. वडिलांनी मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि काय करावं हे विचारायला अथेन्सला माणूस धाडला. निरोप येईपर्यंत मजूर थंडीने आणि भुकेने मेला. युथिफ्रो म्हणतो, बापावर खटला भरणं हेच धर्माचं काम. सॉक्रेटिस म्हणतो, वा, म्हणजे धर्म काय ते तुला नक्की माहीत असणार, मला शिकव.

मधोमध प्रश्न येतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून ते देवांना आवडतं?

इथे थांबा. पुस्तक मिटा. 'देवांना'च्या जागी 'देवाला' आणि 'पवित्र'च्या जागी 'चांगलं' घाला आणि अर्धा तास दोन्ही बाजूंनी भांडा. पहिली बाजू घेतली तर देवाने उद्या क्रौर्याची आज्ञा दिली की क्रौर्य चांगलं ठरेल. उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायात अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढतो, तिथे हा प्रश्न अंगावर येतो. दुसरी बाजू घेतली तर चांगुलपणा देवाच्याही वर बसतो आणि देव त्याचा नुसता निरोप्या होतो. ख्रिस्ती परंपरेने तिसरी वाट काढली: चांगुलपणा देवाच्या वरही नाही आणि त्याच्या मर्जीवरही नाही, तो देवाचा स्वभावच आहे. वर्गात हे सांगितलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मग मी विचारतो, "देवाचा स्वभाव चांगला आहे म्हणता, तेव्हा 'चांगला' कशावरून?" श्वास परत अडकतो.

संवाद उत्तराविना संपतो; युथिफ्रोला अचानक घाईचं काम आठवतं. प्लेटोचे असे बिननिकालाचे संवाद वाचून चिडणारी मुलं पुढे चांगली निघतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी 4: ऑगस्टिन आणि अ‍ॅन्सेल्म, प्रार्थनेच्या सुरात

ऑगस्टिनचं (354 ते 430) आत्मनिवेदन सगळं वाचायची गरज नाही. सातवा भाग वाचा. त्यात तो सांगतो की प्लेटोपंथीयांच्या पुस्तकांत मला योहानाच्या शुभवर्तमानातलं 'आरंभी शब्द होता, शब्द देवासह होता' हे, याच शब्दांत नसलं तरी, सापडलं. शब्द देही झाला हे मात्र तिथे सापडलं नाही. तत्त्वज्ञान थिऑलॉजीला कुठवर सोबत करतं आणि कुठे हात सोडतं, याचा इतका नेमका नकाशा मला दुसरीकडे मिळालेला नाही. मग अकरावा भाग, काळाबद्दलचा: कुणी विचारलं नाही तर काळ म्हणजे काय ते मला ठाऊक असतं, समजावून सांगायला गेलो की ठाऊक नसतं. हा भाग रात्री वाचावा.

अ‍ॅन्सेल्मचा (1033 ते 1109) युक्तिवाद मुलं गणितासारखा पाठ करतात: ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही असं ते, ते नुसतं मनातच असेल तर प्रत्यक्षात असणारं त्याहून थोर ठरेल, म्हणून ते प्रत्यक्षात आहेच. पण मूळ पुस्तक उघडा. पहिलं प्रकरण देवाला मारलेली आर्त हाक आहे. युक्तिवाद त्या प्रार्थनेच्या पोटात येतो, आणि समोर उभा आहे तो 14 व्या स्तोत्रातला 'देव नाही' म्हणणारा मूढ. गॉनिलो नावाच्या एका मठवासीयाने मूढाची बाजू घेऊन लिहिलं, मग ज्याहून सुंदर कल्पिता येत नाही असं बेटही खरंच असायला हवं की! अ‍ॅन्सेल्मने उत्तर तर दिलंच, शिवाय सांगून ठेवलं की यापुढे माझ्या पुस्तकाच्या नकला काढताना हा आक्षेपही सोबत जोडायचा. आपल्या विरोधकाला पुस्तकाच्या शेवटी जागा देण्याएवढी ऐट कमावता आली पाहिजे.

पायरी 5: थॉमसचं एक कलम, बोट ठेवून

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. थॉमस अक्वायनसचा (1225 ते 1274) थिऑलॉजीचा महाग्रंथ नवख्या विद्यार्थ्यांसाठीच लिहिला होता असं तो प्रस्तावनेत म्हणतो. पसारा पाहून यावर हसू येतं. पुरा झालाच नाही तो. 1273 च्या डिसेंबरात त्याने लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. आपल्याला हवं आहे फक्त पहिल्या भागातला प्रश्न 2, कलम 3: देव आहे का? दीड-दोन पानं.

रचना पाहून मराठी विद्यार्थ्याला आपल्या गल्लीत आल्यासारखं वाटेल. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडतात, मग सिद्धान्त. थॉमसही तेच करतो. नव्या वाचकाची पहिली ठेच इथेच लागते, कारण कलमाचं पहिलं वाक्य आहे: 'असं दिसतं की देव नाही.' परीक्षेत हे वाक्य थॉमसचं मत म्हणून लिहिणारा निदान एक तरी दरवर्षी भेटतो.

पूर्वपक्ष दोनच. पहिला: दोन विरुद्ध गोष्टींतली एक अनंत असेल तर दुसरीला जागाच उरत नाही, देव म्हणजे अनंत चांगुलपणा, पण जगात वाईट आहे, म्हणून देव नाही. दुसरा: थोडक्यात भागत असेल तर जास्तीचं गृहीत धरू नये, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाने आणि माणसाच्या गोष्टी त्याच्या बुद्धीने नि इच्छेने उलगडतात, मग देव कशाला? आजच्या कुठल्याही नास्तिकाला विचारा, बहुतेक हेच दोन मुद्दे येतील, आणि तेराव्या शतकातल्या या साधूइतक्या कमी शब्दांत येणार नाहीत. नंतर एका ओळीचं उलट वचन, निर्गम 3:14, 'मी आहे तो आहे'. मग थॉमसचं स्वतःचं उत्तर, पाच मार्ग, म्हणजे देव आहे हे दाखवणारे पाच युक्तिवाद. शेवटी दोन्ही पूर्वपक्षांचा समाचार.

दुसरा मार्ग वेगळा काढून वहीत असा लिहा. एक: जगात कारणांची रांग दिसते. दोन: काहीच स्वतःचं कारण असू शकत नाही. तीन: ही रांग मागे अनंतापर्यंत जाऊ शकत नाही. म्हणून पहिलं कारण आहे, आणि त्याला सगळे देव म्हणतात.

आता प्रत्येक विधानावर बोट ठेवा. 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असं थॉमस कुठे म्हणालाय? कुठेच नाही. त्यामुळे 'मग देवाला कुणी केलं?' हा विजयी थाटात विचारला जाणारा प्रश्न त्याला लागत नाही. खरी अडचण तिसऱ्या विधानात आहे. रांग अनंत का नसावी? इथे बहुतेक जण काळात मागे जातात: बाप, आजा, पणजा, आणि कधीतरी सुरुवात. थॉमसला ही रांग अभिप्रेतच नाही. पुढे प्रश्न 46 मध्ये तो साफ सांगतो की जगाला सुरुवात होती हे श्रद्धेने कळतं, युक्तिवादाने सिद्ध होत नाही.

मग कुठली रांग? जुन्या वाडीतला रहाट आठवा. पाणी वर येतं ते गाडग्यांमुळे, गाडगी हलतात माळेमुळे, माळ चाकामुळे, चाक दुसऱ्या चाकामुळे, आणि तिकडे बैल गोल फिरतोय. बैल थांबला की त्याच क्षणी पाणी थांबतं. मधल्या कुणाचंच बळ स्वतःचं नाही, प्रत्येकाचं उसनं आहे. मध्ये हजार चाकं लावा, बैल नसेल तर थेंब येणार नाही. बाप-आजाची रांग अशी नाही. आजा वारला तरी बापाला मुलगा होऊ शकतो. थॉमस स्वतः हात आणि काठीचं उदाहरण देतो, पण वसईच्या पोरांना रहाट पटतो. हल्ली मात्र रहाट कुणी पाहिलेला नसतो आणि मला फळ्यावर बैल काढावा लागतो, तो शेळीसारखा येतो.

शेवटी सर्वांत नाजूक जागा: 'त्याला सगळे देव म्हणतात.' म्हणतात का? रहाटाचा बैल म्हणजे अब्राहामाचा देव, हे कुठे सिद्ध झालं? नाही झालं, आणि थॉमसला ते माहीत आहे. म्हणून प्रश्न 3 पासून तो नवं काम हाती घेतो. देव काय आहे ते आपल्याला कळू शकत नाही, काय नाही तेवढं कळू शकतं, अशी त्याची तिथली सुरुवात आहे. पाच मार्ग घोकून पुढची पानं न उघडणारे विद्यार्थी शिक्षकांपेक्षा नास्तिकांच्या जास्त उपयोगी पडतात.

एक गोष्ट विसरू नका. थॉमसच्या हाती अ‍ॅरिस्टॉटल सुखासुखी आला नाही. त्याचे कित्येक ग्रंथ बाराव्या शतकात टोलेडोसारख्या ठिकाणी अरबीतून लॅटिनमध्ये उतरले, आणि इब्न सिना, इब्न रुश्द या मुस्लिम आणि मायमोनिडीझ या ज्यू विचारवंतांना तो पानोपानी विचारात घेतो. त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1277 मध्ये, पॅरिसच्या बिशपने 219 मतांवर बंदी घातली. त्यातली काही थॉमसच्या शिकवणीला चाटून जाणारी होती. पुढे 1879 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी थॉमसला कॅथलिक शिक्षणाच्या मध्यभागी बसवलं. याच लिओंनी 1893 मध्ये भारतासाठी श्रीलंकेतल्या कँडीला पेपल सेमिनरी काढली, आणि ती 1955 मध्ये पुण्यात आली. पुण्यातल्या मुलाच्या हाती थॉमस येतो तो या रस्त्याने.

पायरी 6: आधुनिकांत कुठे थांबायचं, कुठे नाही

देकार्तचा पहिला आणि दुसरा विचारप्रबंध (1641) वाचा. हे पुस्तक त्याने पॅरिसच्या थिऑलॉजीच्या प्राध्यापकांना अर्पण केलं होतं. बावीस वर्षांनी ते रोमच्या निषिद्ध यादीत गेलं. स्पिनोझा आणि लायब्निझ पहिल्या वर्षी नावापुरते. पास्कालचा एकच कागद पुरे. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्रीचा तो अनुभव त्याने लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता आणि मृत्यूनंतर तो सापडला: 'अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्ववेत्त्यांचा आणि पंडितांचा नव्हे.'

ह्यूमला घाबरू नका. नैसर्गिक धर्मावरचे त्याचे संवाद 1779 मध्ये, तो गेल्यावर तीन वर्षांनी, छापले गेले. जगाच्या रचनेवरून रचनाकाराकडे जाणाऱ्या युक्तिवादाची इतकी कसून झडती आधी कुणी घेतली नव्हती. वाचताना पाच मार्गांचं पान शेजारी उघडं ठेवा आणि तपासा: ह्यूमचा वार थॉमसला लागतो की फक्त अठराव्या शतकातल्या 'देव म्हणजे घड्याळजी' या कल्पनेला?

कान्ट मूळातून आत्ता नको. हे मी सोसून सांगतोय. पहिल्या वर्षी अप्पा बळवंत चौकातून त्याची जाडजूड 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' जुन्या पुस्तकांत स्वस्तात मिळाली म्हणून मी घेतली, चाळीस पानं वाचली आणि सहा महिने तत्त्वज्ञानाला हात लावला नाही. दोन गोष्टी पुरेत. मनातल्या शंभर थालरांत खऱ्या शंभरांपेक्षा एक नाणंही कमी नसतं, पण खिसा रिकामाच राहतो. हा त्याचा अ‍ॅन्सेल्मच्या पद्धतीच्या युक्तिवादावरचा घाव. आणि 1787 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतलं वाक्य: श्रद्धेला जागा करून देण्यासाठी मला ज्ञान बाजूला सारावं लागलं. पुढच्या दोनशे वर्षांची थिऑलॉजी या वाक्याशी भांडण्यात किंवा त्याच्या आडोशाला राहण्यात गेली.

नीत्शेचं 'देव मेला' सगळ्यांना पाठ असतं. 1882 च्या पुस्तकातला तो उतारा पुरा वाचा, पानभराचा आहे. भर सकाळी कंदील घेऊन वेडा बाजारात येतो, देवाला शोधतो, आणि त्याला हसणारे लोक कोण असतात? भाविक नव्हेत. देव न मानणारेच. ओरड त्यांच्यासाठी आहे: केलंत काय ते तुम्हाला कळलं तरी का? हे ध्यानात आलं की नीत्शेवर ठरावीक साच्याचं प्रवचन करता येत नाही.

कीर्केगार्द, हायडेगर, विट्गेन्श्टाइन, लेव्हिनास दुसऱ्या वर्षी.

पायरी 7: वेळ, साधनं आणि मराठी

आठवड्याला पाच तास काढता आले तर वरचा सगळा प्रवास दोन सत्रांत होतो. दिवसाला चार-पाच पानांवर जाऊ नका. पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय, दुसरं पेन्सिलीने, तिसरं फक्त निष्कर्षाकडून उलटं: हे सिद्ध व्हायला आधी काय मानावं लागलं?

संदर्भाला मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी आंतरजालावर फुकट आहेत. ग. ना. जोशी यांचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा तीन खंडी इतिहास आणि देवीदास वाडेकरांनी संपादलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश जुन्या ग्रंथालयांत मिळतात. भाषा जड आहे, पण परिभाषा पक्की. इंग्रजी जमत असेल तर स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान-कोश ऑनलाइन मोफत आहे. दहा मिनिटांत प्लेटो सांगणारे व्हिडिओ पुस्तक वाचून झाल्यावर पाहा. आधी पाहिलेत तर पुस्तकात तुम्हाला फक्त व्हिडिओच दिसेल.

'आपण भारतीय, मग ग्रीकांचं ओझं का?' हा प्रश्न दुसऱ्या सत्रात येतो आणि तो यायलाच हवा. जॉन पॉल दुसरे यांच्या 1998 च्या श्रद्धा आणि बुद्धी या विषयावरच्या परिपत्रकात, परिच्छेद 72 मध्ये, दोन्ही बाजू शेजारी आहेत: भारतीय विचारपरंपरेतून घेण्यासारखं घ्या, आणि ग्रीक-लॅटिन विचारातून ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) जे मिळालं ते टाकून देऊ नका. हे दोन्ही एकदम कसं साधायचं, यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे ख्रिस्ती झाल्यावर षड्दर्शनांशी वाद घालत बसले, कारण ती त्यांना अंतर्बाह्य ठाऊक होती. आपली अडचण उलटी आहे. आपल्याला बहुधा दोन्हीकडचं अर्धवट येतं.

पायरी 8: एक पान लिहा

महिन्याला एक. मराठीत, हाताने, तीनशे शब्द. वरच्या अर्ध्या पानात तुम्हाला न पटणारं मत, आणि ते असं मांडायचं की ते मानणाऱ्याने वाचून म्हणावं, 'हो, माझं म्हणणं हेच.' खालच्या अर्ध्यात तुमचं उत्तर. 'थॉमसच्या मते', 'कान्टच्या मते' अशी सुरुवात करायला बंदी. मत कुणाचं ते शेवटी कंसात टाका. बायबलचं वचन पुरावा म्हणून वापरलंत तर शेजारी लिहा की ते न मानणाऱ्याला तुम्ही काय सांगाल.

पहिल्या तीन महिन्यांसाठी विषय देऊन ठेवतो. आईने देवापुढे केलेली मागणी आणि अटळ ठरलेलं भविष्य एकत्र कसं नांदतं? निष्पाप मुलाच्या आजारपणाला 'यातून काहीतरी चांगलं निघेल' हे उत्तर कुणी कुणाला द्यायचं? आणि तिसरा: क्रीडमधला 'एकसत्त्व' हा शब्द काढून त्या जागी तुमच्या आजीला कळेल असं मराठी वाक्य लिहा. तिसरं पान लिहून झालं की आजीला खरंच वाचून दाखवा, आणि ती काय विचारते ते मागच्या बाजूला टिपून आणा. पुढचा तास त्यावर घेऊ.